नुसतं चालायचं

भाचीच्या संगीतासाठी बहिणीने एक कोरिओग्राफर ठेवला होता. पंचवीस-सव्वीसचा मुलगा, बोलायला एकदम गोड, त्याने 'मामा-मामी' या कॅटेगरीतल्या आम्हा दोघांवर तीन संध्याकाळी मेहनत घेतली आणि चौथ्या संध्याकाळी हात टेकले. तोंडाने तसं काही म्हणाला नाही, फक्त मोबाईलवरचं गाणं बंद केलं, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मामा, आपण असं करू. गाणं सुरू झालं की तुम्ही मामींचा हात धरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालत जायचं. चालता येतं ना? बास. बाकी मागे मुलं सांभाळतात."

घरी येताना स्कूटरवर मागे बसून ही इतकी हसत होती की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघितलं. मला मात्र लागलं ते. शाळेत लेझीमच्या पथकात मी पहिल्या रांगेत होतो (उंचीमुळे, पण होतो), आणि आता बावन्नाव्या वर्षी माझी लायकी चालण्यापुरती ठरली.

रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल घेऊन 'सोपा कपल डान्स' वगैरे शोधत बसलो. साल्सा, बचाता, नवरा-नवरीला धुरात फिरवणारे व्हिडिओ, असं करत करत खाली गेलो तर एक मूकपटाचा तुकडा सापडला, १९१५ च्या 'द व्हर्ल ऑफ लाइफ' नावाच्या सिनेमातला. एक काडीसारखा उंच माणूस टेलकोटात, आणि तितकीच सडपातळ, आखूड केसांची बाई, हलक्या झुळझुळीत झग्यात. आणि करतायत काय तर चालतायत. एकमेकांना धरून, पाय जरासे ताठ, टाचा किंचित उचललेल्या, हॉलभर लांब लांब पावलं टाकत चालतात, वळतात, परत चालतात. मी तीनदा बघितलं आणि हिला हाक मारली. म्हटलं हे बघ, शंभर वर्षांपूर्वी लोकांनी नुसतं चालायचे पैसे घेतलेत.

ते दोघं म्हणजे व्हर्नन आणि आयरीन कॅसल. नवरा इंग्लंडमधल्या नॉरिचचा, अमेरिकेत येऊन नाटकात विनोदी कामं करायचा. बायको न्यूयॉर्कजवळच्या न्यू रॉशेलच्या एका डॉक्टरची मुलगी. १९११ मध्ये लग्न केलं, पॅरिसला नाटकाच्या कामासाठी गेले, तिथे ते काम काही टिकलं नाही, पैसे संपले आणि कॅफे द पारी नावाच्या महागड्या हॉटेलात जेवायला आलेल्या लोकांसमोर नाचायची वेळ आली. अमेरिकेतून नुकतं आलेलं रॅगटाइम म्युझिक आणि त्यावर हे दोघं, पॅरिस खूश. न्यूयॉर्कला परत आले तोपर्यंत नाव झालं होतं, आणि डिसेंबर १९१३ मध्ये ४६व्या रस्त्यावर, रिट्झ-कार्लटन हॉटेलच्या समोर, त्यांनी कॅसल हाऊस उघडलं. डान्स क्लास म्हणा हवं तर, पण गिऱ्हाईक कोण, तर न्यूयॉर्कमधल्या बड्या घराण्यांतल्या बायका आणि त्यांच्या मुली.

आणि शिकवायचे काय, तर मुख्यतः वन-स्टेप. नावातच आलं सगळं. दोन मात्रांचं म्युझिक, प्रत्येक मात्रेला एक पाऊल, पुरुष सरळ चालतो, बाई उलटी चालते. १९१४ साली दोघांनी एक पुस्तक काढलं, भरपूर फोटोंसकट, त्यात वन-स्टेपच्या पाठात चक्क बजावलंय की चाला म्हणजे चालाच, पाय घासू नका, उड्या मारू नका, दुडकू नका, जमेल तितकं हलकं आणि गुळगुळीत चाला. पुढे त्यांचा स्वतःचा प्रकार, कॅसल वॉक, त्याची कृती आणखी छोटी: वरच्यासारखंच चाला, फक्त प्रत्येक पावलाला चवड्यावर जरा वर उचला, पाय थोडे ताठ ठेवा आणि मजेत वाऱ्यासारखे निघा, झालं, कॅसल वॉक आला तुम्हाला. बाकी जग ठोक्याला खाली बसायचं, हे दोघं ठोक्याला वर यायचे, एवढाच काय तो फरक. मी ते वाचलं तेव्हा आमच्या कोरिओग्राफरबद्दलचा राग थोडा ओसरला. पोरगं नकळत बरोबर बोललं होतं.

पण मग माझ्या डोक्यात आलं की नुसतं चालायला शिकवायची वेळ का आली असेल? लोक त्याआधी काय करत होते?

तर त्याआधी ते जनावरं झाले होते. टर्की ट्रॉट म्हणजे टर्की कोंबड्यासारखं फडफडत, ग्रिझली बेअर म्हणजे अस्वलासारखं एकमेकांना मिठी मारून झुलत, बनी हग म्हणजे सशाची मिठी. नावंच अशी. साधारण १९१० पासून ही साथ अमेरिकाभर पसरली, सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्बरी कोस्ट नावाच्या बदनाम वस्तीतून, काळ्या लोकांच्या नाचघरांतून वगैरे येऊन ती थेट शहरातल्या कोवळ्या पोरापोरींपर्यंत पोचली, आणि मग काय, व्याख्यानं, अग्रलेख, पाद्र्यांची प्रवचनं. फिलाडेल्फियात एका मोठ्या प्रकाशन कंपनीने १९१२ मध्ये जेवणाच्या सुट्टीत टर्की ट्रॉट केला म्हणून पंधराएक मुलींना कामावरून काढून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत! डबा खायचा सोडून नाचल्या बिचाऱ्या, त्यांचं तरी काय चुकलं.

अशा वेळी हे गोरं, देखणं, कायदेशीर लग्न झालेलं जोडपं पुढे आलं आणि म्हणालं, घाबरू नका, हाच नाच आम्ही तुम्हाला नीटनेटका करून देतो. पुस्तकाच्या शेवटी नियमच आहेत. खांदे हलवू नका, कमरेला हिसके देऊ नका, अंग पिळू नका, कोपरं नाचवू नका, उड्या नकोत, सरका; आणि ती टर्की, अस्वल, ससे मंडळी सोडून द्या, ती बेढब आहेत आणि फॅशनमधूनही गेलीत. मला त्यातलं ते शेवटचं फार आवडलं. पाप लागेल म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, जुनं झालंय म्हटल्यावर सगळ्यांनी सोडलं.

म्हणजे त्यांनी काय केलं, चालणं ठेवलं आणि अंग काढून टाकलं. मला आपल्याकडचं आठवलं, लावणी घरंदाज हॉलमध्ये सादर करायची म्हटल्यावर तिचं काय काय कापलं जातं ते, पण तो वेगळाच विषय आहे आणि मला त्यातलं फारसं कळतही नाही. पण कॅसल मंडळींना नुसतं ढोंगी म्हणून सोडून देणंही बरोबर नाही, त्यांनी बायकांना खरंच मोकळं केलं काही बाबतीत. लांब पावलं टाकायची तर घट्ट कॉर्सेट आणि पायात अडकणारे झगे चालत नाहीत, म्हणून आयरीन सैल कपडे घालायची, तिचं बघून बाकीच्या. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जायच्या आधी तिने केस कापले, दवाखान्यात विंचरायची कटकट नको म्हणून, आणि पुढे अर्ध्या देशाने कापले.

हे सगळं मी उत्साहाने हिला सांगत होतो तेव्हा ती डोळे मिटून भलतंच ऐकत होती. मी 'कॅसल हाऊस रॅग' लावला होता, १० फेब्रुवारी १९१४ ला व्हिक्टर कंपनीने रेकॉर्ड केलेला. तेव्हा माइक नव्हते, सगळ्यांनी एका कर्ण्यापुढे गर्दी करून वाजवायचं, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा, खरखर भरपूर. हिने शाळेत असताना तबल्याच्या दोन-तीन परीक्षा दिल्यात, नंतर सोडलं, पण कान गेला नाही. एकदम म्हणाली, "अरे, हे दोन वेगळे लोक वाजवतायत. खालचा सरळ ठेका देतोय, धा ना धा ना, अजिबात हलत नाही. आणि वरचा मुद्दाम मात्रा सोडून मधे मारतोय. आडात चाललाय."

मी पुढे जे काही वाचलं ते सगळं या तीन वाक्यांत बसतं. रॅगटाइम, म्हणजे फाटकी-तुटकी लय. पियानोवर डावा हात बँडच्या संचलनासारखा, खर्जातला एक सूर आणि मग वरचा झणत्कार, धम-झण धम-झण, आणि उजवा हात त्याच्या फटींमधून, जिथे आघात यायला नको तिथे आघात. स्कॉट जॉप्लिनचा 'मेपल लीफ रॅग' १८९९ मध्ये मिसूरी राज्यातल्या सेडेलियातून छापून आला आणि तिथून हे वेड घराघरांतल्या पियानोपर्यंत गेलं. जॉप्लिन आपल्या छापील रचनांवर सूचना घालायचा, हे जलद वाजवू नका, रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नसतं. आणि १९१४ मध्ये तो स्वतः न्यूयॉर्कमध्येच होता, आपला ऑपेरा कुणी रंगमंचावर आणेल का म्हणून खटपट करत, आणि त्याच शहरात सगळे बँड भन्नाट वेगाने रॅग वाजवत होते आणि सगळं गाव त्यावर चालत होतं. १९१७ मध्ये गेला तो. ऐकलं कुणी नाही त्याचं.

"पण पाय कुणाचे धरायचे?" हिने विचारलं. "खालच्याचे की वरच्याचे?"

हाच तो खरा प्रश्न, आणि उत्तर असं की पाय खालच्याचे. म्हणून तर चालणं जमतं. वर काय वाट्टेल तो धुमाकूळ चालू दे, खाली धा ना धा ना तुम्हाला सोडत नाही, तुम्ही पावलं टाकत राहता आणि वरचा जो उजवा हात आहे तो तुमच्या खांद्यांना गुदगुल्या करत राहतो. टर्की ट्रॉटवाले त्या गुदगुल्यांना ओ द्यायचे. कॅसलने सांगितलं, गुदगुल्या होऊ द्या, पण हलू नका. मला वाटतं तो ताण हीच त्या नाचाची सगळी मजा असणार, आतून हसू फुटतंय आणि चेहरा सरळ.

रेकॉर्डच्या शेवटी मात्र बँडच फुटतो. शेवटच्या भागात ड्रमवाला आपल्या जागेवरून उठून सगळ्यांच्या पुढे आल्यासारखा वाजवतो, इतका वेळ सांभाळलेली शिस्त वगैरे सगळी बाजूला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे वाजवणारे लोक कोण आहेत ते बघायला हवं, कारण इतका वेळ मी त्या काडीसारख्या माणसाकडेच बघत होतो.

लेबलवर नाव आहे युरोप्स सोसायटी ऑर्केस्ट्रा. मला वाटलं युरोपातून आलेला बँड. तर नाही, आडनावच युरोप, जेम्स रीस युरोप, अलाबामात जन्मलेला, वॉशिंग्टनला वाढलेला काळा माणूस. "आफ्रिकन माणूस, अमेरिकेत, आणि आडनाव युरोप," ही म्हणाली, "आशिया राहिला फक्त."

त्याचे फोटो बघितलेत मी. भरदार देह, गोल चष्मा, बँकेच्या मॅनेजरसारखा चेहरा. आणि कामही निम्मं तसंच. तो न्यूयॉर्कला आला तेव्हा काळ्या वादकांची अवस्था अशी की हॉटेलात वेटर म्हणून घ्यायचे आणि मधेच सांगायचे जरा वाजवा. १९१० मध्ये त्याने क्लेफ क्लब काढला, म्हणजे एकाच वेळी युनियन, बुकिंग ऑफिस आणि ऑर्केस्ट्रा. ज्यांना पार्टीसाठी वादक हवेत त्यांनी क्लबला फोन करायचा, रेट ठरलेला, प्रवासखर्च वेगळा, वादक काळ्या सुटात येणार आणि वाजवणार, ताटं उचलणार नाहीत. दोनच वर्षांत, २ मे १९१२ ला, त्याने कार्नेगी हॉलमध्ये शंभराहून जास्त काळे वादक उभे केले, मँडोलिनं, बँजो, आणि पियानो तर रांगेने. त्या हॉलमध्ये असं आधी झालं नव्हतं.

यातली एक गोष्ट मी दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. युबी ब्लेक नावाचा पियानोवाला युरोपबरोबर काम करायचा, त्याने पुढे म्हातारपणी सांगितलंय. हे लोक नोटेशन वाचण्यात एकदम पक्के होते. नवीन नाटकाची गाणी बाजारात आली की कागद आणून वाचून बसवायचे, पाठ करायचे. आणि श्रीमंतांच्या पार्टीत मात्र कागदाशिवाय जायचे. कारण यजमानांना असं वाटायला आवडायचं की काळ्या माणसाला हे निसर्गतःच येतं, शिकावं लागत नाही. मग कुणी फर्माईश केली की हे आधी जरा विचारात पडल्यासारखं करायचे, "थोडं गुणगुणून दाखवता का?" आणि मग चमत्कार झाल्यासारखे अख्खं गाणं वाजवायचे. म्हणजे शिकून यायचं आणि अडाणी असल्याचं नाटकही करायचं, आणि पैसे त्या नाटकाचे मिळायचे.

कॅसल जोडप्याची आणि त्याची गाठ १९१३ मध्ये पडली आणि व्हर्ननने हट्ट धरला की नाचायचं तर याच बँडवर. श्रेय द्यायला हवं त्याला. थिएटरात ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात गोऱ्या युनियनचे लोक काळ्यांना बसू देत नव्हते, तर त्याने बँड थेट रंगमंचावर बसवला, आपल्या शेजारी. १९१४ च्या उन्हाळ्याआधी दौरा काढला, अठ्ठावीस दिवसांत बत्तीस शहरं, खास रेल्वेगाडीने, आणि गोऱ्या जोडप्यामागे काळा ऑर्केस्ट्रा हे दृश्य त्या प्रत्येक गावाने बघितलं. व्हर्नन तर बँडमधल्या बडी गिलमोर या ड्रमरच्या नादाने स्वतः ड्रम वाजवायला लागला होता. पण पाट्या कुणाच्या होत्या? कॅसल हाऊस, कॅसल वॉक, आयरीनच्या आखूड केसांचा तो कॅसल बॉब. 'कॅसल वॉक' हे म्युझिक लिहिलं युरोप आणि त्याचा साथीदार फोर्ड डॅबनी यांनी, नाव नाचणाऱ्याचं. आता यात वाईट हेतू होता असं मला म्हणायचं नाही. लग्नाच्या अल्बममध्ये बँडवाल्यांचा फोटो आपण तरी कुठे लावतो.

फॉक्सट्रॉटची गंमत ऐका. दौऱ्यात, भरभर चालण्याच्या दोन नाचांच्या मधे नाचणारे दम खात असायचे, तेव्हा युरोप पियानोवर बसून डब्ल्यू. सी. हँडीचं 'मेम्फिस ब्लूज' हळूहळू वाजवत राहायचा. एकदा म्हणाला, यावर काहीतरी संथ नाच करा ना. व्हर्ननला आधी पटेना, लोकांना सगळं जलद हवंय, संथ कुणाला पाहिजे. पण करून बघितला. तोच पुढे फॉक्सट्रॉट. हॅरी फॉक्स नावाच्या एका नटाचंही नाव त्याच्या जन्माशी जोडलं जातं, १९१४ सालचंच, आणि व्हर्ननने तर मान्य केलं होतं की असं काहीतरी काळे लोक आधीपासून नाचतायत. कुणाचं का असेना, वन-स्टेप पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू विरला आणि फॉक्सट्रॉट जगभर गेला. संथ होता म्हणून टिकला असणार, जेवणानंतर झेपतो.

जगभर म्हणजे आपल्याकडेही. मुंबईच्या हॉटेलांतून, जिमखान्यांतून फॉक्सट्रॉट वाजवायला कोण होते, तर गोव्याचे लोक. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सा-रे-ग-म, घोटून घेतलेले, व्हायोलिन हातात धरून वाढलेले. पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे क्लब कमी झाले आणि सिनेमाचा धंदा वाढला तेव्हा हेच लोक रेकॉर्डिंग स्टुडिओत आले. संगीतकार गुणगुणायचा आणि गोव्याचा अरेंजर ते कागदावर उतरवून पन्नास माणसांना वाटून द्यायचा. पडद्यावर नाव संगीतकाराचं. न्यूयॉर्कवाले वाचता येत असून वाचत नसल्याचं दाखवायचे आणि मुंबईत वाचणाऱ्यांवरच सगळा डोलारा उभा होता, पण बाहेर कुणाला त्यांची नावं माहीत नव्हती, दोन्हीकडे हिशोब शेवटी तोच.

'अलबेला' आठवतोय? १९५१. सी. रामचंद्र, आपले चितळकर, आणि त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचा. त्या सिनेमात तो बँडसकट पडद्यावर दिसतो, हे फार कमी वेळा व्हायचं. आणि पुढे नाचतायत भगवानदादा. मी हिला म्हटलं, भगवानदादा काय करायचे सांग? हात जरासे उचलायचे, खांदे जरासे हलवायचे आणि चालायचे. सगळ्या महाराष्ट्राला येणारी एकमेव स्टेप. मिरवणुकीत काका लोक जे करतात ते तेच. त्यांचा जन्म १९१३ चा, म्हणजे कॅसल हाऊस उघडलं त्याच सालचा. याचा अर्थ काहीच नाही, पण मला तारखा जुळल्या की उगीच बरं वाटतं. फरक इतकाच की दादांनी खांदे काढून टाकले नाहीत.

पुढची गोष्ट पटकन सांगतो, कारण ती वाचताना मलाच नको झालं होतं. व्हर्नन इंग्रज होता, युद्ध सुरू झाल्यावर त्याला राहवेना, १९१६ मध्ये तो इंग्रजांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेला, फ्रान्सच्या आघाडीवर विमान उडवलं, मग पोरांना विमान शिकवायला कॅनडात आणि तिथून टेक्ससला. तेव्हाच्या शिकवायच्या विमानात पुढची सीट जास्त धोक्याची, तो तिथे स्वतः बसायचा आणि शिकाऊ पोराला मागे बसवायचा. १५ फेब्रुवारी १९१८, फोर्ट वर्थजवळ, समोर अचानक दुसरं विमान आलं, टाळायला त्याने आपलं विमान एकदम वर घेतलं आणि ते कोसळलं. मागचा पोरगा वाचला. व्हर्नन तीस वर्षांचा होता. ठोक्याला वर यायची सवय, असा एक वाक्प्रयोग माझ्या मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

आयरीन पुढे पन्नासेक वर्षं जगली. १९३९ मध्ये हॉलिवूडने या दोघांवर सिनेमा काढला तेव्हा ती सल्लागार होती आणि तिची एक तक्रार अशी की त्यांच्या घरच्या वॉल्टर नावाच्या काळ्या नोकराचं काम सिनेमात गोऱ्या नटाला दिलं. ती भांडली, उपयोग झाला नाही.

आणि युरोप. त्याची पलटण न्यूयॉर्कच्या काळ्या सैनिकांची, पुढे ३६९वी इन्फंट्री. १९१७ मध्ये शहरातून सैनिकांना निरोप द्यायचं मोठं संचलन झालं त्यात या पलटणीला घेतलं नाही. फ्रान्समध्ये तो मशिनगन कंपनीत लेफ्टनंट होता आणि शिवाय बँडमास्टर, त्याच्या बँडने फ्रेंचांना वेड लावलं, विषारी वायूने तो आजारी पडला, हॉस्पिटलात पडल्या पडल्या गाणं लिहिलं. परत आले तेव्हा, १७ फेब्रुवारी १९१९, तीनेक हजार सैनिक फिफ्थ ॲव्हेन्यूवरून हार्लेमपर्यंत, म्हणजे काळ्या लोकांच्या वस्तीपर्यंत, चालत गेले. खालपासून वरपर्यंत. फोटोत ते रस्ताभर घट्ट चौकोन करून चालतायत, संगिनी वर, आणि सगळ्यांच्या पुढे युरोपचा बँड. हार्लेममध्ये शिरल्यावर त्याने संचलनाचं म्युझिक सोडून 'हिअर कम्स माय डॅडी नाऊ' सुरू केलं आणि मग ती शिस्तीची रांग काही शिस्तीची राहिली नाही, बायका-पोरं आत घुसून आपापल्या माणसाचा हात धरून चालायला लागली.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत. ९ मे १९१९, बॉस्टनला कार्यक्रम होता, मध्यंतरात स्वतःच्याच बँडमधल्या एका ड्रमरला त्याने वाजवण्यावरून काही सांगितलं, तो चिडला, चाकू मानेला लागला. त्याच रात्री गेला. न्यूयॉर्कने त्याला सार्वजनिक अंत्ययात्रा दिली, त्या शहरात काळ्या माणसाला मिळालेली पहिली. त्या दिवशीही लोक चालले असतील त्याच्यामागे, पण वाजवायला तो नव्हता.

आम्ही काय केलं ते सांगायचं राहिलं. हॉलमधलं टीपॉय बाल्कनीत ठेवलं आणि रोज रात्री दहा मिनिटं चाललो. पहिल्या दिवशी कळलं की चालणं आपल्याला येत नाही. एकट्याला येतं. दुसऱ्याला धरलं की आधी डावा की उजवा इथपासून भांडण. मी पावलं टाकतो मोठी, ही लहान, पस्तीस पावलांत सोफा. दुसऱ्या दिवशी हिने बंड केलं, "मीच का उलटं चालायचं? मला दिसत नाही मी कुठे जातेय, आणि तुझ्या स्टीअरिंगवर माझा विश्वास नाही, गाडी पार्क करतोस ते बघितलंय मी." मग अदलाबदल केली. मी उलटा, ती सरळ. उलटं चालणं भयंकर असतं, मित्रांनो. पाय मागे टाकताना अख्खं शरीर नको म्हणतं. सत्तावीस वर्षांत मी हिच्यावर इतका भरवसा कधीच टाकला नव्हता, आणि ती मला दोनदा फ्रीजवर घेऊन गेली. एकदा मुद्दाम.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी, 'कॅसल हाऊस रॅग'च्या मधल्या भागात कुठेतरी, मोजणं थांबलं. धा ना धा ना खाली चालू, आणि आम्ही वर. मुलगा पाणी प्यायला बाहेर आला, बघितलं, काही न बोलता आत गेला.

संगीताला आमची एंट्री साडेअकरा सेकंदांची झाली. कोरिओग्राफरने ठरवल्याप्रमाणे या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागे मुलं, धूर, आणि गाणं असं की त्यात ठेका कुठला ते हिलाही सापडेना. टाळ्या मात्र पडल्या. डीजेकडे मी आधी जाऊन विचारलं होतं, १९१४ चं एक गाणं आहे, लावशील का. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून मी पेन ड्राइव्ह परत खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी वरात. ऊन उतरलेलं, रस्ता अर्धा खोदलेला, पुढे लाल-सोनेरी कोटातला ब्रास बँड, गावाकडून आलेला, क्लॅरिनेटवाला साठीचा असेल, कोट त्याला दोन मापं मोठा. तरुण मंडळी नाचून दमली आणि बाजूला पाणी प्यायला गेली, तेव्हा बँडवाले कुणासाठी नाही असं एक जुनं गाणं वाजवायला लागले, खाली बडा ढोल सरळ, दोन मात्रांत, वर क्लॅरिनेट त्याला जसं वाटेल तसं. हिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "खालच्याचे."

रस्त्यावरच धरलं तिला. मी उलटा, ती सरळ, कारण खड्डे तिला जास्त चांगले दिसतात. दहाएक पावलं जमली, मग लय जलद होती म्हणून मी घसरलो, परत धरलं, परत घसरलो. बहीण तोंडाला पदर लावून हसत होती. माझी पाठ बँडकडे होती त्यामुळे मला दिसलं नाही, हिने नंतर सांगितलं. क्लॅरिनेटवाला वाजवता वाजवता आमच्या पायांकडे बघत होता. मग त्याने ढोलवाल्याकडे मान वळवली, भुवया जरा खाली केल्या, आणि दोन-चार ठोक्यांत गाणं थोडं संथ झालं.